ज्येष्ठ शिक्षकांसाठी मदतनिधी आणि मोबाइल : पहिली मोहीम कशी चालवावी

शाळेच्या ग्रंथालयासाठी, एखाद्या विद्यार्थ्याच्या उपचारांसाठी किंवा आपत्तीत सापडलेल्या कुटुंबांसाठी निधी उभा करायचा ठरला की जबाबदारी बहुधा एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाकडे येते. माजी विद्यार्थी त्यांना ओळखतात, पालकांचा त्यांच्यावर विश्वास असतो आणि हिशेबात ते काटेकोर असतात हे सर्वांना ठाऊक असते. पूर्वी या कामाला पावतीपुस्तक, कार्बन कागद आणि एक वही पुरत असे. आता देणगी मोबाइलवर येते, नोंद स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे संगणकावरील रकान्यांच्या तक्त्यात होते आणि पावती ईमेलने जाते. ज्यांनी मदतनिधीचे काम पूर्वी केले आहे पण या साधनांनी केलेले नाही, अशा शिक्षकांसाठी हा लेख आहे. पावतीपुस्तकाच्या काळातील शिस्त आधी उपकरणावर उतरवावी आणि त्यानंतरच पहिला संदेश पाठवावा, असा त्याचा आग्रह आहे. उपकरण शिकणे आणि पैसे गोळा करणे या दोन गोष्टी एकाच आठवड्यात सुरू करू नयेत.

पहिली पायरी : हेतू कागदावर लिहा

मोबाइल हातात घेण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर चार प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहावीत. निधी कोणासाठी आहे, किती रक्कम हवी आहे, कोणत्या तारखेपर्यंत हवी आहे, आणि रक्कम कमी पडली किंवा जास्त जमली तर तिचे काय करणार? पहिली तीन उत्तरे सगळेच देतात. चौथे राहून जाते आणि पुढचे वाद बहुतेक त्यातूनच उद्भवतात. २०२० च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधील निवृत्त सैनिक टॉम मूर यांनी आपल्या शंभराव्या वाढदिवसापूर्वी अंगणात शंभर फेऱ्या मारण्याचा संकल्प केला, तेव्हा त्यांचे उद्दिष्ट १,००० पौंडांचे होते. प्रत्यक्षात आरोग्यसेवेच्या धर्मादाय निधीसाठी ३ कोटी २० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. आपल्या मोहिमेत असे घडण्याची शक्यता नगण्य असली, तरी उद्दिष्टाच्या दीडपट रक्कम जमणे मुळीच दुर्मीळ नाही. ज्या मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी निधी मागितला त्याच्या उपचारांनंतर उरलेले पैसे दुसऱ्या रुग्णाला देता येतील की नाहीत, हे देणगीदारांना आधी सांगितले असेल तरच तसे करण्याचा नैतिक अधिकार राहतो.

याच टप्प्यावर परवानग्या घ्याव्यात. शाळेचे नाव वापरायचे असेल तर मुख्याध्यापकांची किंवा संस्थेची लेखी संमती हवी, आणि सार्वजनिक निधी गोळा करण्याचे, देणगीवरील करसवलतीचे व नोंदी जपून ठेवण्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे असल्याने एखाद्या हिशेबतपासनिसाला सुरुवातीलाच गाठावे. ज्या करसवलतीची खात्री नाही तिचा उल्लेख संदेशात कदापि करू नये.

दुसरी पायरी : पैसे कोठे येतील ते ठरवा

देणग्या स्वतःच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नयेत. हा नियम प्रामाणिकपणाबद्दल शंका म्हणून सांगितलेला नाही. वैयक्तिक खात्यात आलेली रक्कम कराच्या दृष्टीने उत्पन्न मानली जाण्याची भीती असते, घरखर्च आणि निधी यांची सरमिसळ होते, आणि खातेधारक अचानक आजारी पडल्यास निधी अडकून बसतो. स्वतंत्र खाते उघडावे आणि ते दोन व्यक्तींच्या सहीनेच चालेल अशी व्यवस्था करावी. गरजूंसाठी काम करणारी नोंदणीकृत संस्था आधीच उपलब्ध असेल तर तिच्याच खात्यावर निधी घेणे अधिक सोयीचे ठरते.

इंटरनेटवरील निधीसंकलनाच्या व्यासपीठांचा पर्याय आकर्षक वाटतो, कारण पान तयार करणे, रक्कम मोजणे आणि पावती पाठवणे हे सारे तेथे आपोआप होते. तरीही नाव नोंदवण्यापूर्वी काही गोष्टी वाचून घ्याव्यात. व्यासपीठाचे शुल्क आणि कार्डव्यवहाराचे शुल्क ही अनेकदा दोन वेगवेगळी शुल्के असतात. देणगीदाराकडून व्यासपीठासाठी ऐच्छिक म्हणून मागितलेली रक्कम काही ठिकाणी आधीच भरलेली दिसते. जमलेली रक्कम खात्यात येण्यास काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात. उद्दिष्ट पूर्ण झाले नाही तर सर्व रक्कम परत जाते की जमेल तेवढी मिळते, हेही पाहावे. शिवाय प्रत्येक व्यासपीठ मदतनिधीसाठी नसते : २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टरवर कलाकृती किंवा वस्तू घडवण्याचे प्रकल्प चालतात, पण धर्मादाय कार्यासाठी निधी गोळा करण्यास तेथे मनाई आहे.

तिसरी पायरी : उपकरण कामाला लावा

मोहिमेसाठी नवा मोबाइल घेण्याची गरज सहसा नसते. जुन्या उपकरणाला सुरक्षेची अद्यतने अजून मिळत असतील तर ते पुरेसे आहे. मिळत नसतील तर ते कितीही सुस्थितीत दिसत असले तरी पैशांच्या कामासाठी वापरू नये. वाचनाच्या चष्म्याशी झुंजत छोट्या अक्षरांत आकडे वाचणे हा चुकांचा मोठा उगम आहे, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार वाढवावा, पडदा विझण्याची वेळ लांबवावी आणि ज्यांना ऐकायला कमी येते त्यांनी संवादाचे शब्द पडद्यावर उमटवण्याची सोय सुरू करावी. ही तडजोड आहे असे मानण्याचे कारण नाही. या सोयी त्यासाठीच दिलेल्या असतात. हिशेबाचे काम मात्र मोबाइलवर करू नये, त्यासाठी टॅबलेट किंवा संगणक आणि खरा कळफलक घ्यावा.

सुरक्षेसाठी तीन गोष्टी एका बैठकीत उरकता येतात. ईमेल, बँक आणि संदेशांचे अ‍ॅप यांचे पासवर्ड वेगवेगळे आणि लांब ठेवावेत. चार असंबद्ध शब्द जोडून केलेला पासवर्ड चिन्हांच्या गुंतागुंतीपेक्षा लक्षात ठेवायला सोपा आणि ओळखायला अवघड असतो. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागण्याची सोय, सुरू करावी. मग पासवर्ड कोणाच्या हाती लागला तरी खाते सहसा उघडणार नाही. तिसरे म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी दिलेला दूरध्वनी क्रमांक आणि दुसरा ईमेल अजून चालू आहेत याची खात्री करावी, कारण बंद पडलेल्या जुन्या क्रमांकामुळे खाते कायमचे गमावल्याच्या घटना वारंवार घडतात.

घरातील किंवा शाळेतील तरुण मदतीला येतात आणि भराभर बोटे चालवून काम करून देतात. त्यांचे आभार मानून उपकरण स्वतःच्या हातात घ्यावे. त्यांनी तोंडी सांगावे, आपण स्वतः करावे आणि प्रत्येक कृती आपल्या शब्दांत वहीत लिहून ठेवावी. वर्गात फळ्यावरचे गणित विद्यार्थ्याला स्वतः सोडवायला का लावतात हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. पासवर्ड आणि ओटीपी (मोबाइलवर येणारा, एकदाच चालणारा सांकेतिक क्रमांक) मात्र या मदतनीसांनाही सांगू नयेत.

चौथी पायरी : नोंदवही आधी, देणगी नंतर

पूर्ण मोहिमेचा कणा येथे आहे, म्हणून येथे सर्वाधिक वेळ द्यावा. स्प्रेडशीटमध्ये पहिल्या ओळीत पुढील रकाने करावेत : पावती क्रमांक, तारीख, देणगीदाराचे नाव, संपर्क, रक्कम, देण्याचा मार्ग, व्यवहार क्रमांक, पावती पाठवल्याची तारीख, नाव प्रसिद्ध करण्यास संमती आणि शेरा. पहिली ओळ गोठवून ठेवावी, म्हणजे यादी लांबत गेली तरी रकान्यांची नावे दिसत राहतात. एका चौकटीत एकच माहिती लिहावी. रकमेच्या चौकटीत कंसात टीप लिहिली की तो आकडा बेरजेत धरला जात नाही आणि एकूण रक्कम गुपचूप कमी दिसते.

कागदी वहीला ठाऊक नसलेले काही धोके येथे आहेत. दूरध्वनी क्रमांकाच्या सुरुवातीचा शून्य स्प्रेडशीट काढून टाकते, कारण ती त्याला संख्या समजते. एक्सेल हे स्प्रेडशीटचे अ‍ॅप कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवते आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्य घालते. त्यामुळे लांबलचक व्यवहार क्रमांक बिघडतो आणि नंतर बँकेच्या विवरणपत्राशी जुळत नाही. म्हणून हे दोन्ही रकाने सुरुवातीलाच मजकूर या प्रकारात बदलून ठेवावेत. सर्वांत घातक चूक क्रम लावताना होते : फक्त नावांचा रकाना निवडून अकारविल्हे लावला तर नावे हलतात, पण रकमा जागच्या जागी राहतात आणि एकाची देणगी दुसऱ्याच्या नावावर जाते. क्रम लावताना नेहमी संपूर्ण तक्ता निवडावा, आणि त्याआधी फाइलची तारीखवार प्रत काढून ठेवावी.

पावतीपुस्तकात चुकलेली पावती फाडून टाकत नसत, तिच्यावर रद्द असे लिहून स्थळप्रत तशीच ठेवत. स्प्रेडशीटमध्येही ओळ पुसू नये. शेऱ्याच्या रकान्यात रद्द झाल्याचे आणि कारणाचे लिहावे, म्हणजे पावती क्रमांकांची साखळी तुटत नाही. शुल्क कापून आलेल्या देणगीबाबतही असाच काटेकोरपणा हवा. समजा, कोणी १०० दिले आणि खात्यात ९७ आले, तर जमेच्या बाजूला १०० आणि खर्चाच्या बाजूला ३ लिहावेत. देणगीदाराने १०० दिलेले असताना पावती ९७ ची देणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

नावे बोलून टंकलिखित करण्याची सोय फार उपयोगी आहे, तरी जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ यांत ती हमखास चुकते. देणगीदार रकमेतील चूक एक वेळ हसून सोडून देईल, स्वतःच्या नावातील चूक तो विसरत नाही.

नोंदवहीच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. संगणकावर एक, पेनड्राइव्हवर एक आणि क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील साठवणीत, एक अशी विभागणी पुरते. आठवड्यातून एकदा दुसऱ्या सहीधारकासोबत बसून नोंदवही आणि बँकेचे विवरणपत्र यांचा ताळमेळ घालावा. हे काम महिनाअखेरीपर्यंत ढकलले की कोणती देणगी कोणाची हे आठवेनासे होते.

पाचवी पायरी : देणगी स्वीकारण्याची व्यवस्था आणि फसवणुकीचे प्रकार

मोबाइलने वाचून थेट खात्यात देणगी पाठवण्यासाठी फलकावर क्यूआर कोड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, छापता येतो. हा कोड १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. कारखान्यातील तेल आणि घाण लागूनही तो वाचता यावा म्हणून त्यात दुरुस्तीची राखीव माहिती असते, आणि सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. मधोमध शाळेचे बोधचिन्ह घातले की हीच राखीव क्षमता खर्ची पडते, म्हणून बोधचिन्ह अगदी लहान ठेवावे किंवा घालूच नये. कोड पांढऱ्या कागदावर काळ्या रंगात छापावा, भोवती कोरी जागा सोडावी आणि आकार ठरवताना वाचण्याच्या अंतराचा दहावा भाग हा ठोकताळा वापरावा. दोन मीटरवरून वाचायचा फलक असेल तर कोडची बाजू २० सेंटिमीटर हवी. इंटरनेटवरील काही सेवांनी बनवलेला कोड त्यांच्याच दुव्यावरून जातो आणि त्यांची वर्गणी संपली की बंद पडतो, म्हणून बँकेने किंवा व्यासपीठाने दिलेला मूळ कोडच छापणे श्रेयस्कर. छपाईपूर्वी वेगवेगळ्या मोबाइलवरून अगदी लहान रक्कम पाठवून ती योग्य खात्यात आल्याचे पाहावे. फलक लावल्यानंतरही अधूनमधून हात फिरवून तपासावे, कारण मूळ कोडवर दुसऱ्याच खात्याचा कोड चिकटवण्याचा प्रकार सर्रास होतो.

फसवणूक करणारे देणगीदाराच्या वेषातही येतात, आणि सौजन्याने वागण्याची सवय असलेले शिक्षक त्यांना सोपे सावज वाटतात. पैसे स्वीकारण्यासाठी पिन किंवा ओटीपी देण्याची कधीही गरज नसते. तो मागितला जात असेल तर पैसे येणार नसून जाणार आहेत. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, तो मिनिटभरात बनवता येतो. पावती खात्यात रक्कम दिसल्यावरच द्यावी. चुकून जास्त रक्कम गेली, उरलेली या दुसऱ्या खात्यावर परत करा, असा निरोप आला तर घाई करू नये. असा मूळ व्यवहार अनेकदा चोरीच्या कार्डावरून केलेला असतो, काही दिवसांनी तो रद्द होतो आणि परत केलेली रक्कम निधीतून जाते. परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने आणि बँकेला विचारूनच करावा. देणगीच्या पानावर अनोळखी नावांनी अतिशय लहान रकमांची रांग लागली तर ती लोकप्रियता समजू नये. चोरलेली कार्डे चालतात की नाही हे तपासण्यासाठी देणगीची पाने वापरली जातात. किमान रक्कम थोडी वाढवून व्यासपीठाला लगेच कळवावे.

सहावी पायरी : आवाहन

संदेश मोबाइलच्या एका पडद्यात मावेल इतका असावा, त्यात एकच दुवा असावा आणि शेवटची तारीख ठळक असावी. तारखेशिवाय पाठवलेला संदेश पुढे ढकलला जात राहतो आणि मोहीम संपल्यावर कित्येक महिन्यांनी लोक बंद खात्यावर पैसे पाठवू पाहतात. संपूर्ण वर्गाचा गट बनवला की प्रत्येकाचा क्रमांक सर्वांना दिसतो, जे अनेक माजी विद्यार्थ्यांना नको असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे जातो. एका यादीत २५६ जणांपर्यंत नावे घालता येतात, मात्र ज्यांनी तुमचा क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो मिळतो. उत्तर आले नाही म्हणजे दुर्लक्ष झाले असे त्यामुळे लगेच धरू नये. ईमेल पाठवताना सर्व पत्ते बीसीसी या ओळीत लिहावेत, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत.

सध्या ज्यांना आपण शिकवतो, ज्यांच्या उत्तरपत्रिका आपल्या हाती येणार आहेत, त्या विद्यार्थ्यांकडे किंवा त्यांच्या पालकांकडे थेट देणगी मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षकाने मागितल्यावर नाही म्हणण्याची मोकळीक त्यांना नसते. शाळेने सर्वांना एकच सूचना पाठवावी आणि कोणी किती दिले हे वर्गशिक्षकाला कळू नये, अशी व्यवस्था करावी. वर्गात रकमा वाचून दाखवण्याची जुनी पद्धत पुन्हा आणू नये.

मुलांची छायाचित्रे पालकांच्या लेखी संमतीशिवाय वापरू नयेत. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात ते कोठे आणि केव्हा काढले याची माहिती दडलेली असू शकते आणि मूळ फाइल पाठवल्यास तीही सोबत जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थाननोंद बंद करावी. ज्याच्यासाठी निधी आहे त्याची गरज सांगताना रोगाचे तपशील, घरची भांडणे, रडवेली छायाचित्रे यांचा आधार घेऊ नये. मूल मोठे होते, पण इंटरनेटवरचे पान तसेच राहते.

देणगीदारांची नावे प्रसिद्ध करण्याचा परिणाम मात्र मोठा असतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चबुतऱ्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वृत्तपत्रातून आवाहन केले आणि रक्कम कितीही लहान असली तरी प्रत्येक देणगीदाराचे नाव छापण्याचे वचन दिले. काही महिन्यांत एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमली, आणि बहुतेक देणग्या एका डॉलरपेक्षाही कमी होत्या. आज नाव छापण्यापूर्वी संमती घ्यावी लागते, म्हणूनच नोंदवहीत तो रकाना ठेवला आहे. यादी रकमेच्या क्रमाने न लावता तारखेच्या क्रमाने लावावी, म्हणजे लहान देणगी तळाशी जात नाही.

सातवी पायरी : रोजचे वेळापत्रक

मोहीम सुरू असताना मोबाइल दिवसभर वाजत राहतो आणि त्यामुळे अध्यापन, विश्रांती आणि घरातले बोलणे यांचा विचका होतो. सूचनांचा आवाज बंद करून सकाळी आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास राखून ठेवावा. सकाळी आदल्या दिवसाच्या देणग्या नोंदवून पावत्या पाठवाव्यात, संध्याकाळी प्रश्नांना उत्तरे द्यावीत. देणगी आणि पावती यांत एका दिवसापेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये. आपोआप जाणारी पावती असली तरी माजी विद्यार्थ्याला सरांचे किंवा बाईंचे दोन ओळींचे स्वतंत्र पत्र जावे. सर्वांना एकच मजकूर पाठवायचा मोह आवरावा. रोख रक्कम आली तर ती त्याच दिवशी पावती फाडून, दुसऱ्या व्यक्तीसमोर मोजून बँकेत भरावी.

आठवी पायरी : मोहीम बंद करणे

ठरलेल्या तारखेला दुवा बंद करावा, फलक स्वतः जाऊन काढावेत आणि गटांमध्ये मोहीम संपल्याचा संदेश टाकावा. त्यानंतर एकूण जमा, शुल्क, खर्च, प्रत्यक्ष दिलेली रक्कम आणि शिल्लक अशा पाच ओळींचा जमाखर्च प्रत्येक देणगीदाराला पाठवावा. ज्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितले त्यांनाही तो मिळाला पाहिजे. रक्कम ज्या संस्थेला किंवा रुग्णालयाला दिली तिची पावती दुसऱ्या सहीधारकाकडेही ठेवावी. हिशेबाची कागदपत्रे कायद्याने सांगितलेल्या मुदतीपर्यंत जपावीत, पण देणगीदारांचे संपर्क क्रमांक पुढच्या कोणत्याही कामासाठी वापरू नयेत आणि मदतनिसांच्या मोबाइलवर राहिलेल्या याद्या त्यांच्या समोर बसून पुसायला लावाव्यात. शेवटी स्प्रेडशीट आणि व्यासपीठावरील खाते कोणाकोणाला उघडता येते ती यादी तपासावी, अनावश्यक नावे काढून टाकावीत आणि पुढे जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीला प्रवेश देऊन तिच्याकडून एकदा खाते उघडून घ्यावे.